नानांचा पंचा आणि पाच गुंठे गाजर गवत : प्रकल्प नोंदी

५ मे २०२४, रविवार

काल संध्याकाळी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवरचं वाळलेलं गवत कुणीतरी पेटवलं. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "साफसफाई झाली ना ताई." धूर सरळ आमच्या बाल्कनीत. रात्री अकरा वाजता नाना बेसिनपाशी उभे राहून तोंडावर पाणी मारत होते. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या, आणि गळ्याभोवती कुणी दोरी करकचून ओढावी तसा लाल पट्टा. आई पहाटे तीनपर्यंत ओला पंचा त्यांच्या गळ्यावर ठेवत बसली होती.

कंपनीत एक बोल्ट जरी गिऱ्हाइकाकडून परत आला तरी मी रिपोर्ट काढते. कोणत्या लॉटचा, कोणत्या मशीनवरचा, कोणत्या पाळीत झाला. कारण सापडेपर्यंत फाईल बंद करू देत नाही, आणि त्यापायी शॉपमध्ये माझ्या नावाने खडे फोडतात. नानांच्या कातडीला मात्र दोन वर्षं झाली, आणि घरात त्याची एका पानाची नोंद नाही. आजपासून ही वही.

रोज झोपताना नाना खाजेला ० ते १० मध्ये मार्क देतील. आजचे ९. त्यांचं म्हणणं, दहा दिले तर उद्याला काय राहील.

८ मे

आजवर काय काय केलं ते आईकडून लिहून घेतलं. साबण चार वेळा बदलला. वांगं बंद, दही बंद, गेल्या वर्षी ऐन हंगामात आंबाही बंद (नानांनी तो चोरून खाल्ला, आणि वेगळं काही झालं नाही). गळ्यातली तुळशीची माळ काढायला लावली. हे त्यांना फार लागलं होतं, हे मला आज कळलं. एका लॅबचं 'अ‍ॅलर्जी पॅकेज' म्हणून रक्त दिलं. दोन पानांचा रंगीत रिपोर्ट आला, त्यात शेंगदाणा आणि झुरळ जरा वर. शेंगदाणे सहा महिने बंद झाले, गळा तसाच.

आणि ट्यूब. मेडिकलमधून कुणीतरी दिलेली, तीन औषधं एकत्र केलेली. लावली की दोन दिवसांत आराम, सोडली की चौथ्या दिवशी दुप्पट. दीड वर्ष चालली. ती मीच आणून देत होते.

११ मे, शनिवार

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधी काही विचारलंच नाही. नानांची हनुवटी वर करून खाली टॉर्च मारला. मग कानामागे. मग कोपराच्या वळ्या. म्हणाल्या, "नुसता उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखाली सावलीतली जागा सुटली असती. पापण्याही सुटल्या असत्या. इथे जिथे जिथे हवेतली धूळ बसते आणि घामाने चिकटते, तिथे तिथे आहे." आणि मग पहिला प्रश्न : "घराजवळ काँग्रेस गवत आहे का?"

नाना म्हणाले, "पाच गुंठे."

ट्यूब पिशवीतून काढून दाखवली. त्यांनी ती परत दिलीच नाही. आतल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते म्हणाल्या, आणि मानेवरचे जाळीसारखे लाल धागे बोटाने दाखवले. मला ते म्हातारपणाचे वाटले होते. रक्ताच्या पॅकेजबद्दल : ती तपासणी शिंका, दमा, गांधी उठणं अशा झटकन होणाऱ्या अ‍ॅलर्जीची. नानांची उशिरा उठणारी, एक-दोन दिवसांनी. ती रक्तात सापडत नाही, पाठीवर पट्ट्या लावून बघावी लागते. पण आत्ता कातडी पेटलेली असताना चाचणी खोटी येईल. आधी महिनाभर शांत करायची.

१९ मे, रविवार

प्लॉटची पाहणी. जुन्या पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली. डोळे मिटून दहा ठिकाणी फेकायची आणि आतली रोपं मोजायची. नाना बंद खिडकीतून सूचना देत होते : "तिकडे कोपऱ्यात टाक, तिकडे दाट आहे." त्यांना समजावलं की दाट जागा बघून फेकायची नसते. पटलं नाही.

बराचसा भाग वाळलेला. काडी चिमटीत धरली तर भुगा होतो, आणि तो भुगा वाऱ्यावर तरंगत राहतो. पार्थेनिन नावाचं जे द्रव्य कातडीला डसतं, ते पानाखोडावरच्या बारीक लवेत असतं. रोप मेलं तरी ते राहतं. म्हणजे उन्हाळ्यात 'गवत वाळलंय, आता काय त्याचं' असं जे आम्ही म्हणत होतो ते बरोबर उलटं होतं. ड्रेनेजच्या गळतीपाशी मात्र भर मे महिन्यात हिरवं, फुललेलं. सरासरी १९, पण या आकड्याला अर्थ नाही. खरी मोजणी पावसानंतर.

संध्याकाळी नानांना विचारलं, तुमच्या लहानपणी होतं का हे? ते म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा, त्याच्याबरोबर आलं. हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. पण नोंद त्याच्या बरीच आधीची आहे. १९५५ साली ते पुण्यातच दिसलं आणि १९५६ मध्ये तशी नोंद छापून आली. अमेरिकेहून पीएल-४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातून बी आलं, असं सांगतात. मूळचं ते मेक्सिकोकडचं. टोपीसारखी पांढरी फुलं म्हणून काँग्रेस, गाजरासारखी पानं म्हणून गाजर गवत, आणि कुठे कुठे चटक चांदणी. हे शेवटचं नाव ठेवणाऱ्याला बहुधा खाज येत नसावी.

९ जून, रविवार

पाऊस झाला. प्लॉट आठवड्यात हिरवा. कोवळं रोप जमिनीला चिकटून, पानं ताटलीसारखी पसरून बसतं आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. याच वेळी उपटायला सोपं. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात दांडा वर येऊन फूल, आणि एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया.

चौकट मोजणी : सरासरी ४३.

१० ते १४ जून

सोमवारी पाठीवर पट्ट्या लावल्या. छोट्या छोट्या चकत्या, प्रत्येकीत एक संशयित, बाजूला पेनने नंबर. बुधवारी काढायच्या, शुक्रवारी पुन्हा बघायचं. तोवर पाठ ओली करायची नाही.

नाना आणि आंघोळ नाही! सोमवार ते शुक्रवार घरात जे झालं ते वहीत पूर्ण लिहिण्यासारखं नाही. "पारोशानं देवाला हात लावू?" शेवटी आईने तोडगा काढला : पाय-हात-तोंड धुवा, पूजा मी करते, तुम्ही समोर बसून चुका काढा. त्यांनी काढल्या.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी एका चकतीच्या जागी बोट ठेवलं. लाल, उंचावलेली, वर बारीक पाण्याचे फोड. पार्थेनियम, म्हणजे आपलं गाजर गवत : 'दोन अधिक', म्हणजे ठळक प्रतिक्रिया. बाकी सगळ्या जागा कोऱ्या. साबणाचे सुगंध कोरे, रबर कोरं. तुळशीमाळेला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. नानांनी घरी येऊन कपडे बदलायच्या आधी माळ घातली.

औषधात रात्रीची गोळी, लावायला साधं मलम, आणि फारच वाढलं तर प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी आहे, पण तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. ती सध्या नको. "आधी गवताचा आणि त्यांचा संबंध तोडा," म्हणाल्या. सांगायला एका ओळीत.

१६ जून, रविवार

आजची नोंद मला शॉपमध्ये सगळ्यांना दाखवावीशी वाटते.

नाना गेले पाच आठवडे प्लॉटकडे फिरकलेले नाहीत. सकाळचा फेरफटका पुढच्या गेटने. खिडक्या बंद. तरी मार्क ६ च्या खाली येईनात, आणि पट्टा गळ्यालाच. म्हटलं, गळ्याला असं काय लागतं जे बाकीच्या अंगाला लागत नाही? कॉलर? पण घरात ते बनियनवर असतात.

दुपारी आई बाल्कनीतून वाळलेले कपडे काढत होती. आधी साड्या, मग चादर, आणि शेवटी कठड्याच्या टोकाला, बरोबर प्लॉटच्या बाजूला, नानांचा पंचा. तो तिथेच वाळतो, वर्षानुवर्षं, कारण तिथे वारा जास्त. आईने तो झटकला. उन्हाच्या तिरिपेत त्यातून जे उडालं ते मी पाहिलं. नानांनी तो घेतला, गळ्याभोवती टाकला आणि त्याच्या टोकाने डोळे पुसले.

४ मेच्या रात्री आईने पहाटे तीनपर्यंत त्यांच्या गळ्यावर ठेवला होता तो हाच.

आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. पंचा घेऊन बाथरूममध्ये गेली, दोनदा धुतला आणि देवघरासमोरच्या दोरीवर आत वाळत घातला.

२० जून

मार्क ४. घरात आणखी काही बदललेलं नाही. चादरी आणि उशांचे अभ्रेही आत.

२३ जून, रविवार

प्लॉटमालकाला सोसायटीकडून दोन पत्रं गेली आहेत, उत्तर नाही. सेक्रेटरींनी "आत जायला कुणाची हरकत नाही" एवढं तोंडी सांगितलं. तेवढ्यावर सुरू.

आम्ही पाच जणं आणि रोजंदारीवरच्या दोन मावशी. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे माती भुसभुशीत, रोप मुळासकट येतं. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा. मावशी हसत होत्या, "आमी रोजच उपटतो की." एकीच्या मनगटावर काळे खरखरीत डाग होते. विचारलं तर म्हणाली, उन्हाचे असतील. तिला हातमोजे घालायला लावले, आणि डॉक्टरबाईंचा पत्ताही दिला. जाईल असं वाटत नाही.

तीन तासांत दोन गुंठे. ३१ गोणी. फूल आलेली झाडं वेगळ्या गोणीत, कारण त्यांचं खत केलं तर बी शेतात पोचतं. बाकीची कोपऱ्यात खड्डा करून पुरली, वर माती. जाळायचं नाही हे वॉचमनला पुन्हा सांगितलं. आज त्यानेही खड्डा खणायला हात लावला.

आमचे कपडे जिन्याखालीच बदलले, वेगळे धुतले. नाना दिवसभर आतल्या खोलीत, दाराच्या फटीला ओलं फडकं लावून. फोनवरून सूचना चालू होत्याच.

३० जून

पालख्या पुण्यात. आईबाबांच्या पिढीतलं कुणी आज गवत उपटणार नव्हतं, आणि मीही नव्हते.

७ जुलै, रविवार

उरलेले तीन गुंठे झाले. भिंतीच्या कडेला आणि फरशांच्या फटीत मूळ निघत नाही, तिथे मिठाचं पाणी : दहा लिटरला दोन किलो. ऊन पडलं तर दोन दिवसांत पानं मान टाकतात. पाऊस आला तर मीठ वाया. सबंध प्लॉटवर मारा असं एकजण म्हणाले, पण मग तिथे दुसरं काहीच उगवणार नाही, आणि आपल्याला तर उगवायला हवं आहे. दुसऱ्यांनी ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवलं. केंद्राने २०२२ मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फत वापरायची अधिसूचना काढली होती, हे सांगितल्यावर विषय मिटला. खरं तर पैसे कोण देणार यावर मिटला.

जागा मोकळी सोडली तर तेच परत येणार. माझा बेत झेंडूचा होता : गवताला दाबतो असं माहितीपत्रकांत असतं, दिसायला छान, दसऱ्याला फुलं. पाव किलो बी आणलंही. मग डॉक्टरबाईंना सहज फोन केला. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळी गाजर गवताचीच भावकी, एकच कुळ. सगळ्यांना सगळ्यांचं होतं असं नाही, पण नानांच्या खिडकीखाली मुद्दाम कशाला?

झेंडूचं बी माळीमामांना दिलं. त्याऐवजी टाकळा : तोही गवताला दाबतो, आणि या कुळातला नाही. भोरच्या मामांनी गेल्या थंडीत जमवलेलं दोन किलो बी पाठवलं. कवच कडक, वाळूत घासून मग फेकायचं. फेकताना आईने दोनदा विचारलं, "म्हणजे भाजी करता येईल का?"

२५ जुलै

रात्रभर पाऊस. सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलंय. ऑफिस नाही, मोजणी नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. आमच्या प्लॉटवर तो भुंगेऱ्यांनी साजरा केला.

टाकळा गुडघाभर आलाय, पण मधूनमधून गवताची दुसरी फळी. त्यातल्या एका झाडाला पानंच नव्हती, नुसते देठ. जवळ जाऊन पाहिलं तर मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठे, मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, जणू कुणी टाकाने घाईघाईत सही केली आहे. झायगोग्रामा. हे भुंगेरे ऐंशीच्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणून बंगळुरात सोडले होते, याच गवतासाठी. पुढे सूर्यफुलावर दिसले म्हणून त्यांच्यावर मोठं वादळही उठलं होतं. इथवर ते आपले आपण आले.

मोठे आणि अळ्या दोन्ही एकाच पानावर, कडेकडेने आत खात जाणारे. मी वीस मिनिटं बसून होते. एवढ्या वेळात एका अळीने करंगळीच्या नखाएवढं पान संपवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे दोन भुंगेरे दिव्यापाशी आले, त्यामुळे फवारणीची मागणी. दोन भुंगेरे डबीत घालून त्यांच्याकडे गेले. वर्षभर तुमच्या मुलालाही शिंका येतात ना, ते गवताच्या परागांमुळेही असू शकतं, आणि हे गवत खातात, असं सांगितलं. फवारणी रहित. डबी मुलाने ठेवून घेतली.

मोजणी : गवत सरासरी ११, टाकळा २६. नानांचे मार्क आठवडाभर २.

११ सप्टेंबर

गौरी जेवल्या. हार, वेण्या या वर्षी बाजारातून तयार आणल्या, कारण आईचा हात दुखतोय. मार्क २.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. आज सकाळी नानांच्या पापण्या सुजलेल्या, आणि बोटांच्या टोकांना भेगा पडून पाणी येतंय. मार्क ७.

पहिला संशय प्लॉटवर. चौकट घेऊन धावले : सरासरी ९, वाळलेलं जवळजवळ नाही. पंचा आत. चादरी आत. वारा नव्हता.

बोटं. गळा नाही, कानामागे नाही, कोपर नाही. फक्त बोटं आणि ज्याला बोट लागतं ते, म्हणजे डोळे.

शुक्रवारी दुपारभर नाना दारात बसून तोरण आणि हार ओवत होते. झेंडू आणि शेवंती, मंडईतून आणलेली, दीड किलो. जुलैमध्ये खिडकीखाली झेंडू नको म्हणून मी त्याचं बी देऊन टाकलं, आणि ऑक्टोबरमध्ये तोच झेंडू त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. गौरींना काही झालं नाही, कारण तेव्हा ओवलं दुसऱ्या कुणी.

दोन्हीतलं कोणतं, हे आम्ही वेगळं काढलेलं नाही. नाना म्हणाले, "एकेका फुलाची चाचणी कर, मी पाठ देतो. पण आंघोळ सोडणार नाही." दिवाळीचं तोरण आंब्याच्या पानांचं आणि भाताच्या लोंब्यांचं करायचं ठरलं. देवाला तगर आणि जास्वंद.

२ नोव्हेंबर

पाडवा. तोरणाचं नाव काढलं नाही कुणी, पण शेजारच्या काकांनी तसंच केलंय. मार्क १.

१२ जानेवारी २०२५, रविवार

भुंगेरे मातीत गेले, आता पावसाळ्यातच वर येतील. टाकळ्याच्या शेंगा वाळल्या. दीड किलो बी जमवलं, डब्यात घातलं, वर तारीख. नानांचे डिसेंबरचे सरासरी मार्क १.४. दोनदा आईने सवयीने पंचा बाहेर घातला होता, ते दोन्ही आकडे कागदावर लगेच दिसतात.

आणि गुरुवारी प्लॉटमालक सापडले. म्हणजे त्यांचा जेसीबी आला. पत्र्याचं कुंपण, बोर्ड, पाया खणणं सुरू. टाकळा, गोण्या पुरलेला खड्डा, सगळं वरची तीन फूट माती धरून टिपरमध्ये. गाजर गवताचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि सत्तर वर्षांचा साठा असेल त्यात.

ड्रायव्हरला विचारलं, माती कुठे जाते? म्हणाला, "भरावाला. नऱ्ह्याकडं एक सोसायटी होतेय." कोणाला सांगू म्हणजे उपयोग होईल, ते विचारलं. तो हसला आणि टिपर पुढे काढला.

खणायची धूळ असेतो नानांच्या खिडक्या पुन्हा बंद. पुढची मोजणी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर दहा दिवसांनी, कुंपणाच्या बाहेरच्या पट्ट्यात. चौकट जिन्याखाली ठेवली आहे. कुणी तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत.